प्रत्येक प्रतीला तिचं संकट नेमून दे: आत्याचे कानमंत्र

बाळा,

नवा कॉम्प्युटर घरी आला आणि तू विचारलंस, "आत्या, बॅकअपसाठी कुठली हार्डडिस्क घेऊ?" हार्डडिस्क घ्यायला दुकानात सगळ्यात शेवटी जायचं. त्याआधी बराच गृहपाठ आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

माझी नोकरी सहकारी बँकेच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात गेली. रोज डे-एंड झाला की बॅकअपच्या टेप निघायच्या. एक आमच्या तिजोरीत, दुसरी दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत. नवी पोरं कुरकुरायची, दोन-दोन कशाला म्हणून. साहेब त्यांना उलट विचारायचे: मशीन बिघडलं तर कुठली टेप कामी येईल? इमारतीला आग लागली तर कुठली? आज चुकीची नोंद झाली आणि आठ दिवसांनी लक्षात आली, तर कुठली? तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळालं तरच बॅकअप झाला म्हणायचं. घराला बँकेइतका थाट लागत नाही, पण प्रश्न हेच विचारायचे. आता एकेक सांगते.

१. आधी यादी, मग खरेदी

एक कागद घे आणि तीन रकाने पाड.

पहिला रकाना: गेलं तर पुन्हा मिळणार नाही असं. लहानपणीचे फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्या, तुझं लिखाण, लग्नाचं चित्रीकरण. दुसरा रकाना: मिळेल, पण हेलपाटे पडतील असं. घराचा करारनामा, आयकराची विवरणपत्रं, पॉलिसींचे स्कॅन, सूनबाईच्या व्यवसायाचा टॅलीचा डेटा. यातली काही सरकारी कागदपत्रं डिजिलॉकरमधून पुन्हा काढता येतात. ती असतील तर या रकान्याचा भार हलका होतो. तिसरा रकाना: पुन्हा डाउनलोड होणारं. सिनेमे, सॉफ्टवेअर, गाणी. तिसऱ्या रकान्याचा बॅकअप घ्यायचाच नाही. लोक टेराबाइट भरून सिनेमे जपतात आणि पोराच्या बारशाचे फोटो एकट्या फोनमध्ये ठेवतात.

यादी करताना कोपरे झाड. कामाची फाइल 'डॉक्युमेंट्स'मध्येच असते असं नाही. ती डेस्कटॉपवर असते, डाउनलोड्समध्ये असते, व्हॉट्सॲपच्या फोल्डरात असते. आउटलुक वापरत असशील तर सगळी मेल एका पीएसटी फाइलीत बसलेली असू शकते. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरात जातो ते टॅली उघडून बघून घे, अंदाजाने लिहू नकोस.

२. 'डी ड्राइव्ह'वर विसंबू नकोस

आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस डिस्कचे सी आणि डी असे भाग करून देतो आणि सांगतो, "महत्त्वाचं डीमध्ये ठेवा, सेफ राहील." त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. विंडोज बिघडलं आणि सीला फॉरमॅट मारावा लागला, तर डी वाचतो. पण सी आणि डी या एकाच घराच्या दोन खोल्या. छप्पर कोसळलं की दोन्ही जातात. डिस्कच उडाली तर डीमधली प्रत ही प्रत नव्हेच.

३. संकटांना नावं दे

यादीच्या मागच्या बाजूला संकटं लिही. घरातल्या कॉम्प्युटरवर येणारी संकटं मोजकीच असतात.

डिस्क मरते. कधी खरखर करून सांगते, कधी न सांगता.

घरावर काहीतरी येतं: चोरी, आग, पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला घराघरांत पाणी शिरलं. अशा वेळी कॉम्प्युटर खाली आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर दोन्ही एकाच पाण्यात जातात.

आपलंच बोट चुकतं. नको ते डिलीट होतं, किंवा जुन्या फाइलीवर नवी सेव्ह होते. हे संकट सगळ्यात जास्त वेळा येतं आणि सगळ्यात उशिरा कळतं.

रॅन्समवेअर येतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्याने फाइली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. असा व्हायरस कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कसुद्धा सोडत नाही.

खातं हातातून जातं. पासवर्ड विसरतो, ओटीपीचं सिम हरवतं, कुणीतरी खातं बळकावतं.

आणि शेवटचं, ज्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही: पासवर्ड माहीत असलेला माणूसच राहत नाही.

आता प्रत्येक संकटासमोर लिही, हे आलं तर कुठली प्रत वाचेल. जिथे रकाना रिकामा राहील, तिथेच पैसे आणि कष्ट घालायचे.

४. तीन, दोन, एक

या सगळ्याचा सोपा हिशेब पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने डिजिटल फोटो सांभाळण्यावरच्या आपल्या पुस्तकात मांडला, आणि पुढे तो जगभर रूढ झाला. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती, मूळ धरून. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर. आणि त्यातली एक घराबाहेर. तुझ्यासाठी याचा अर्थ: एक कॉम्प्युटरमध्ये, एक घरातल्या एक्स्टर्नल डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या घरी. याहून कमी नको. याहून जास्त करशील तर सांभाळायचा कंटाळा येईल आणि सगळंच सुटेल.

५. घरातली प्रत: लाव, घे, काढ

आता तुझ्या डिस्कच्या प्रश्नाकडे येऊ. पहिल्या दोन रकान्यांचा डेटा जितका होईल, त्याच्या किमान दुप्पट मापाची घे, कारण जुन्या आवृत्त्याही तिच्यात राहायच्या आहेत. फिरती हार्डडिस्क स्वस्तात जास्त जागा देते, पण चालू असताना हलवायची नाही आणि पाडायची तर नाहीच. एसएसडी धक्का सोसते आणि वेगवान असते, पण वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवली तर तिच्यातला डेटा विरू शकतो. म्हणून ठेवणीतल्या प्रतीसाठी मी फिरतीच सांगेन. पेनड्राइव्ह फाइल इकडून तिकडे न्यायला आहे, जपायला नाही.

नुसतं 'कॉपी-पेस्ट' करू नकोस. आज बिघडलेली फाइल उद्या चांगल्या प्रतीवर चढेल आणि तुला कळणारही नाही. जुन्या आवृत्त्या ठेवणारी सोय वापर. मॅकवर २००७ पासून टाइम मशीन आहे. ते गेल्या चोवीस तासांच्या ताशी, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्यामागच्या आठवड्याच्या प्रती ठेवतं, आणि डिस्क भरली की सगळ्यात जुन्या काढतं. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आहे. विंडोज ११ मध्ये ती कंट्रोल पॅनेलात सापडते. तिची एक खोड लक्षात ठेव: ती डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्ससारख्या ठरावीक जागाच घेते. टॅलीचा फोल्डर बाहेर कुठे असेल तर तो लायब्ररीत जोडावा लागतो, नाहीतर तो राहून जातो. लिनक्सवाल्यांना देजा दुप पुरतं.

काम झालं की डिस्क 'इजेक्ट' करून काढ आणि कपाटात ठेव. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्याही हाताशी असते आणि विजेच्या झटक्याच्याही. लोडशेडिंगचा भरवसा नसेल तर बॅकअप चालू असताना कॉम्प्युटर यूपीएसवर असू दे.

डिस्क चोरीला जाऊ शकते, म्हणून तिला पासवर्ड घाल. टाइम मशीनमध्ये एन्क्रिप्ट करायचा पर्याय समोरच दिसतो. विंडोजच्या होम आवृत्तीत नवी डिस्क बिटलॉकरने बंद करता येत नाही. तिथे व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर चालतं.

आणि हे आजच कर: विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांत आतली डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. मदरबोर्ड बिघडला किंवा डिस्क दुसरीकडे लावली की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. लॅपटॉप चालू आहे तोवर ती शोध आणि कागदावर छापून घे. लॅपटॉप बंद पडल्यावर शोधायला बसलास तर आधी खात्याचा पासवर्ड आठवायला लागेल.

६. सिंकला बॅकअप समजू नकोस

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांचं मुख्य काम सगळ्या यंत्रांवर एकच चित्र ठेवण्याचं आहे. इथे डिलीट केलंस की तिथेही डिलीट होतं. इथली फाइल रॅन्समवेअरने बिघडवली की बिघडलेलीच वर जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते. चूक त्यानंतर लक्षात आली तर पेटी रिकामी.

फोटोंचंही तेच. गूगल फोटोज ॲपमधून फोटो डिलीट केला की तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठीचा वेगळा पर्याय ॲपमध्येच आहे, तो वापर.

आणखी दोन फसवे कोपरे आहेत. वनड्राइव्हमध्ये ज्या फाइलीपुढे ढगाचं चिन्ह दिसतं, ती तुझ्या कॉम्प्युटरवर नाही, तिचं फक्त नाव आहे. आणि गूगल डॉक्समधलं लिखाण कॉम्प्युटरवर फाइलीसारखं दिसलं तरी ती नुसती खूण असते; ती डिस्कवर कॉपी केलीस तर मजकूर येत नाही. तो मजकूर खरोखर खाली आणायचा तर गूगल टेकआउट वापर, आणि वर्षातून एकदा वापरच.

सिंक वाईट नाही, सोयीचं आहे. त्याला 'डिस्क मरते' या संकटासमोर खुशाल लिही. 'बोट चुकतं' समोर त्याला अर्धेच गुण दे.

७. क्लाउड घेताना हिशेब कर

गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळतात, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघे वाटेकरी. फोटोंची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून संपली. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट मोफत ५ जीबी देतात. गूगलची जागा भरली की फक्त फोटो थांबत नाहीत, जीमेलवर मेल यायचीही बंद होते. मग बँकेचं पत्र कुठे गेलं म्हणून शोधत बसायचं. व्हॉट्सॲपचा अँड्रॉइडवरचा बॅकअपही आता याच १५ जीबीत मोजला जातो.

वेळेचाही हिशेब कर. घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल, तर ५०० जीबी वर जायला सुमारे ५६ तास लागतात, म्हणजे न थांबता सव्वादोन दिवसांहून जास्त. परत आणायलाही वेळ लागतो. म्हणून पहिला अपलोड रात्री-रात्री चालू दे, आणि पहिल्या रकान्यापासून सुरुवात कर.

खास बॅकअपसाठीच्या सेवा असतात, जसं बॅकब्लेझ किंवा आयड्राइव्ह. घेण्याआधी त्यांना एकच गोष्ट विचार: मी डिलीट केलेली फाइल तुम्ही किती दिवस ठेवता? ज्यांचं उत्तर लांब, त्यांची किंमत रास्त.

क्लाउड म्हणजे आकाशातली जागा नव्हे. तीही कुणाची तरी इमारतच असते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांचा डेटा कायमचा गेला. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवायच्या सेवेतला ८५८ टेराबाइट डेटा त्यात गेला. त्या सेवेची दुसरीकडे प्रतच नव्हती. सरकारचं हे, तर आपलं काय? क्लाउड ही तीनपैकी एक प्रत आहे, तिन्ही नव्हेत.

८. नेट मंद असेल तर डिस्कला गावी पाठव

क्लाउडचा खर्च झेपत नसेल किंवा नेट रडत असेल तर जुनी पद्धत आजही चालते. सारख्या दोन डिस्क घे. एक तुझ्याकडे, दुसरी गावच्या घरी किंवा बहिणीच्या घरी. गणपतीला जाताना ताजी घेऊन जायची आणि तिथली परत आणायची. दिवाळीला पुन्हा अदलाबदल. दोन्हींवर पासवर्ड हवा. दुसरं घर त्याच सोसायटीत नको आणि त्याच नदीकाठी नको.

९. परत आणून बघितल्याशिवाय बॅकअप मोजू नकोस

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी त्यांच्याकडे होत्या, पण ऐन वेळी एकही धड चालली नाही. कामी आली ती एकाने दुसऱ्या कामासाठी सहा तासांपूर्वी सहज घेतलेली प्रत. कंपनीने हे सगळं स्वतः जाहीर सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत.

घरी ही परीक्षा दर तीन महिन्यांनी घे. एक जुना फोटो, एक पत्र आणि टॅलीची एक कंपनी बॅकअपमधून काढ, शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर. उघडतं का बघ. टॅली परत आणताना मूळ फोल्डरवर आणू नकोस, रिकाम्या वेगळ्या फोल्डरात आण. नाहीतर परीक्षेच्या नादात चालू हिशेबावर जुना हिशेब चढायचा.

'बॅकअप सक्सेसफुल' असा संदेश म्हणजे यंत्राचं मत. आपलं मत फाइल उघडल्यावर बनवायचं.

१०. जुन्या मराठी फाइलींना फॉन्टसकट जप

हे तुला दुकानदार सांगणार नाही. काकांची पुस्तकं, मंडळाच्या स्मरणिका, जुनी पत्रं श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फॉन्टांत टाइप केलेली आहेत, काही पेजमेकरमध्ये. त्या फाइली जशाच्या तशा राहिल्या तरी फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसत्या अगम्य खुणा दिसतात. म्हणून त्या फाइलींच्या फोल्डरातच त्यांचे फॉन्टही ठेव. जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर प्रत्येक फाइलीची पीडीएफ काढ. मग युनिकोडमध्ये रूपांतर करून घे. रूपांतरात जोडाक्षरं बिघडतात, तेव्हा मूळ फाइल टाकून देऊ नकोस. पीडीएफ समोर ठेवून तपासायला ती लागते.

लग्नाच्या सीडी-डीव्हीडीही याच वर्षी डिस्कवर उतरवून घे. घरी लिहिलेल्या सीडीचा थर काळाने खराब होतो, आणि सीडी वाचणारा कॉम्प्युटर आता शेजारीही मिळत नाही.

११. किल्ल्या कागदावर

गूगलसाठी द्विस्तरीय पडताळणी चालू कर आणि त्याचे बॅकअप कोड छापून ठेव, म्हणजे फोन हरवला तरी खातं उघडेल. व्हॉट्सॲपचा बॅकअप एन्क्रिप्ट केला असशील तर त्याचा पासवर्डही लिही. तो हरवला तर कंपनीलाही तो बॅकअप उघडता येत नाही.

गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं काही महिने वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला डेटा मिळतो. ॲपलमध्ये असाच 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. दोन्हीत सूनबाईचं नाव घाल, आणि तिच्या खात्यात तुझं. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं, म्हणून आईच्या जुन्या खात्यात फोटो असतील तर ते आत्ताच खाली उतरवून घे.

हा सगळा कागद पॉलिसी आणि नॉमिनेशनच्या फायलीत ठेव, बॅकअपच्या डिस्कला चिकटवू नकोस.

१२. वेळापत्रक बांधून टाक

क्लाउड रोज, आपोआप. डिस्क दर शनिवारी. परीक्षा तिमाहीला. वर्षातून एकदा यादी नव्याने. त्यासाठी ३१ मार्च बरा. तो जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात, आणि आपल्याकडे त्या दिवशी हिशेब मिटवायची सवय आहेच. कॉम्प्युटर दुरुस्तीला देण्याआधी शनिवारची वाट बघायची नाही. दुकानदार 'फॉरमॅट मारून देतो' म्हणाला की आधी घरी येऊन बॅकअप. नवा कॉम्प्युटर किंवा नवी डिस्क घेतलीस तरी नव्यातून फाइली उघडून बघेपर्यंत जुनं पुसायचं नाही, विकायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही.

हे बारा एका रविवारी होणार नाहीत, आणि एकदम करायला जाशील तर एकही होणार नाही. या रविवारी फक्त तीन कामं कर: यादी लिही, पहिल्या रकान्याची एक प्रत डिस्कवर घे आणि त्यातला एक फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघ. क्लाउडचं पुढच्या आठवड्यात. दुसऱ्या घरची डिस्क गणपतीच्या आत गेली की पुरे.